ग्रॅहम बेल यांनी फोन शोधला हे माहितीये, पण त्यातली खरखर कशी घालवली?

पुणे-सोलापूर हायवेवरच्या मोडनिंबमध्ये कुणाच्या घरी लँडलाइनच्या जुन्या केबलचा तुकडा पडला असेल, तर तो सोलून बघा. आत दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या दिसतील. लाइनमन याला ‘पेअर’ म्हणतात. हा पीळ अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा.

बेल १८४७ मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरात जन्मले. आईला फार कमी ऐकू यायचं. दोन्ही भाऊ क्षयानं गेले आणि १८७० मध्ये आईवडील उरलेल्या मुलाला घेऊन कॅनडात आले. बेल बोस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. तिथलीच विद्यार्थिनी मेबल पुढं त्यांची बायको झाली, तिलाही ऐकू येत नव्हतं. म्हणजे ज्यानं जगाला फोन दिला, त्याच्या घरातल्या दोघींना फोनचा उपयोगच नव्हता.

७ मार्च १८७६ ला टेलिफोनचं पेटंट मिळालं. त्यावरून झालेली कोर्टबाजी हा वेगळा विषय.

खरी डोकेदुखी पुढं होती. तेव्हा फोनला एकच तार असायची, करंट जमिनीतून परतायचा. शेजारून टेलिग्राफची तार गेली की तिची टकटक फोनमध्ये. बेल यांनी दोन तारा घेऊन त्यांना पीळ दिला. बाहेरचा त्रास दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकाला मारून टाकतो. याचं पेटंट १९ जुलै १८८१ चं.

म्हणूनच घरी जोडणी करताना एकाच पेअरच्या दोन तारा घ्यायच्या, दोन पेअरमधली एकेक नाही. फोनची वायर लाइटच्या वायरसोबत एका पाइपातून न्यायची नाही. रिंग वाजताना लाइनवर ७५ व्होल्टच्या आसपास करंट येतो, त्यामुळं आधी लाइन काढायची, मग तारा सोलायच्या. विजा कडाडत असताना तर हातच लावायचा नाही.

त्याच जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती. शरीरातली गोळी शोधायला बेल आपलं यंत्र घेऊन गेले, पण गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं. शिवाय डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली, गोळी होती डावीकडं. सप्टेंबरात गारफिल्ड गेले.

बेल २ ऑगस्ट १९२२ ला कॅनडात वारले. दफनाच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातले फोन एक मिनिट बंद ठेवले होते.