डॉ. एडिथ पीची : एका नाकारलेल्या शिष्यवृत्तीची कहाणी

मुंबईचे कामा हॉस्पिटल आपणां सर्वांना ऐकून माहीत आहे. परंतु त्याची धुरा प्रारंभी ज्यांनी वाहिली, त्या डॉ. एडिथ पीची यांचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकातले मला काही कळत नाही. तरीही हे चरित्र मला आपलेसे वाटले, कारण त्यातला पहिला लढा हिशेबाचा आहे.

एडिथ यांचा जन्म १८४५ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. काही वर्षे शिक्षिकेचे काम केल्यावर १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक यांच्याबरोबर त्यांनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकासाठी प्रवेश मिळविला. स्त्रियांचे वर्ग वेगळे होते आणि फी पुरुषांहून जास्त होती. १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत प्रथमच बसलेल्या विद्यार्थ्यांत एडिथ पहिल्या आल्या. नियमाने होप शिष्यवृत्ती त्यांचीच होती. पण प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी ती त्यांच्याहून कमी गुणांच्या मुलाला दिली. स्त्रिया वेगळ्या बसून शिकल्या, म्हणून त्या या वर्गाच्या नव्हेत, असे कारण दाखविले. वेगळे बसविले कोणी? विद्यापीठानेच! शिवाय त्याच वर्गाचे प्रमाणपत्र मात्र त्यांना मिळाले. म्हणजे फी घेतली, गुण मान्य केले, प्रमाणपत्रही दिले. पैसे देण्याची वेळ आली तेव्हा खातेच सापडेना!

त्याच वर्षी नोव्हेंबरात या विद्यार्थिनी परीक्षेला निघाल्या असता सर्जन्स हॉलपाशी जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. तरी त्या आत जाऊन परीक्षेस बसल्या. पुढे प्रकरण कोर्टात गेले. १८७३ साली निकाल विरुद्ध लागला : त्यांना प्रवेश देण्याचा विद्यापीठाला अधिकारच नव्हता म्हणे! चार वर्षांचा अभ्यास पाण्यात गेला. एडिथ यांनी हाय खाल्ली नाही. १८७७ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पदवी आणि डब्लिनहून परवाना मिळवून त्यांनी लीड्स येथे व्यवसाय थाटला.

इकडे मुंबईत जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी बंगाली हे स्त्री-डॉक्टरांसाठी निधी जमवीत होते. त्यांच्या बोलावण्यावरून एडिथ डिसेंबर १८८३ मध्ये मुंबईस आल्या. कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. तेथे त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे, असा त्यांचा आग्रह असे. १८८८ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर गेल्या. ज्यांना एका विद्यापीठाने दारातून परत पाठविले, त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या कारभारात सन्मानाने बसल्या!

आपल्या रखमाबाईंचा खटला तेव्हा गाजत होता. त्यांना वैद्यक शिकण्यास एडिथ यांनी प्रोत्साहन आणि मदत दिली. रखमाबाई लंडनच्या ज्या स्त्री-वैद्यक विद्यालयात शिकल्या, ते १८७४ साली जेक्स-ब्लेक यांच्याच खटपटीने उभे राहिले होते. म्हणजे एडिंबरोच्या त्या पराभवाचे फळ एका मराठी मुलीच्या पदरात पडले.

१८८९ साली एडिथ यांनी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी विवाह केला. प्रकृती ढासळल्याने १८९४ साली हॉस्पिटल सोडले, तरी प्लेगच्या दिवसांत त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९०५ साली मायदेशी परतल्यावर स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या लंडनच्या मोर्चात चालल्या. १९०८ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर फिप्सन यांनी लंडनच्या त्याच विद्यालयात पत्नीच्या नावे शिष्यवृत्ती ठेवली. ती १९४८ पर्यंत मुलींना मिळत राहिली. एडिंबरो विद्यापीठाने मात्र एडिथसह त्या सातजणींना मरणोत्तर पदव्या दिल्या, त्या २०१९ साली!

आपल्याही घरांतून मुलींच्या गुणांचे कौतुक होते. पण पुढच्या शिक्षणाच्या खर्चाची गोष्ट निघाली, की पैसे भावासाठी राखून ठेवले जातात. कारणे तेवढी गोड शब्दांत सांगतात. मैत्रिणींनो, अशा वेळी हिशेब मागायला संकोचू नका. आणि मित्रांनो, तुमच्या घरात हा प्रश्न येईल, तेव्हा बहिणीच्या बाजूने तोंड उघडा.