गणिताचे प्रोफेसर आणि आपला 'नाजूक' विषय

रात्रीचा एक वाजलेला असतो, सबमिशनचा कंटाळा आलेला असतो आणि होस्टेलच्या रूममध्ये गप्पांची गाडी हमखास एकाच स्टेशनवर येऊन थांबते. त्या विषयात आपण सगळेच 'एक्स्पर्ट'! पण त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे विचारणार कुणाला? मित्र खेचणार, आणि घरी तर तोंड उघडायची सोय नाही. म्हणून आज एका गणिताच्या प्रोफेसरांची गोष्ट सांगतो. आपल्या एम-थ्रीपेक्षा अवघड पेपर हा माणूस जन्मभर सोडवत राहिला.

रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ चा. १८९१ मध्ये त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. रघुनाथ तेव्हा अवघा नऊ वर्षांचा. त्या काळी घरोघरी बायका अशाच जायच्या आणि लोक दैवाला दोष देऊन मोकळे व्हायचे. हा मुलगा मोठा झाल्यावर मात्र वेगळा हिशोब मांडू लागला. मूल कधी हवं, किती हवीत, हवंय की नको, हे ज्या बाईच्या जिवावर बेततं तिला कुणी विचारतं का?

मॅट्रिकला पहिले आलेले कर्वे पुढे पॅरिसला जाऊन गणित शिकले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्रोफेसर झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पत्नी मालतीबाई या कामात सोबत होत्या. संयम हाच एकमेव उपाय, असं गांधीजी सांगत होते, त्या काळात कर्वे साधनं वापरा म्हणत होते. कॉलेजला ते रुचलं नाही. १९२५ मध्ये नोकरी गेली, प्रचार थांबला नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. जे प्रश्न आपण आजही कुजबुजत विचारतो, ते वाचक पत्रातून विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं छापायचे. हस्तमैथुनाने शक्ती जाते ही भीती खोटी आहे, हे त्यांनी तेव्हा लिहिलं. गुप्तरोग लपवून बायकोला देऊ नका, हे लिहिलं. आणि सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की शरीरसुखावर स्त्रीचा हक्क पुरुषाइतकाच आहे. म्हणजे नवऱ्याची इच्छा झाली की विषय संपला, असं नाही. तिची इच्छा, तिचा आनंद, तिचा नकार, सगळं हिशोबात धरायचं.

अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये शंभर रुपये दंड. १९३४ मध्ये पुन्हा खटला, तोही वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या वेळी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, पुन्हा दंड झाला, मासिक चालूच राहिलं. १४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले, तोपर्यंत.

कर्व्यांचं प्रत्येक मत आज पटेलच असं नाही. पण त्यांचा संसार बघा. मूल नको हा निर्णय दोघांनी घेतला. नोकरी गेल्यावरची ओढाताण आणि लोकांचे टोमणे मालतीबाईंच्याही वाट्याला आले. त्यांचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे. अमोल पालेकरांच्या २००१ च्या 'ध्यासपर्व' सिनेमात ही जोडी भेटते. मिळाला तर रूमवर सगळ्यांनी मिळून बघा.

मित्रांनो, आपल्याकडे आज नेट आहे, मेडिकलमध्ये साधनं मिळतात, कर्व्यांसारखा दंडही कुणी भरायला लावत नाही. तरी जिच्यावर प्रेम आहे तिला "तुला काय वाटतं?" एवढं विचारताना आपली जीभ अडखळते. पिक्चर बघून आपण गृहीत धरतो, की तिचं 'नाही' म्हणजे लाजणं. ते गृहीतक आधी खोडा. तिला विचारा, ती सांगेल ते ऐका, आणि काळजी घ्यायची जबाबदारी एकट्या तिच्यावर ढकलू नका. यात मर्दानगी कमी होत नाही.

कॉपी करून एम-थ्री सुटेलही एखाद्या वेळेस. हा पेपर मात्र दोघांनी मिळूनच सोडवायचा असतो.