फाउस्टो कोप्पी

बाभुळगावसारख्या गावी दुकानाचा माल सायकलीवरून घरोघर पोहोचविणारी मुले तुम्ही पाहिली असतील. १९१९ साली इटलीत जन्मलेला फाउस्टो कोप्पी हाही लहानपणी एका खाटकाच्या दुकानी असाच पोऱ्या होता. पुढे १९४९ साली इटली व फ्रान्स या दोन्ही देशांच्या सायकल-प्रदक्षिणेच्या शर्यती त्याने जिंकल्या. एकाच वर्षी हे तोवर कोणासही साधले नव्हते.

१९५० साली शर्यतीतच तो पडला आणि त्याचे कमरेचे हाड मोडले. हाड यथावकाश सांधले. परंतु अंथरुणावर पडून गेलेला पायांतील जोर आणि छातीतील दम इतक्या लवकर परतत नाही. १९५१ साली धाकटा भाऊ सेर्से शर्यतीत पडून मरण पावला. त्यानंतर लवकरच फ्रान्सच्या शर्यतीत कोप्पी एका दिवसात ३३ मिनिटे मागे पडला. तरीही त्याने ती अर्ध्यावर सोडली नाही; दहावा का होईना, शेवटपर्यंत गेला.

१९५२ साली दोन्ही शर्यती पुन्हा त्याच्याच झाल्या. फ्रान्समध्ये दुसरा स्वार त्याच्यामागून २८ मिनिटांनी आला.