भाड्याच्या घरासाठी लढलेला खाण कामगार : जॉन व्हीटली

महापालिकेच्या सभागृहात घरांचा विषय निघाला की चर्चा मालकीच्या फ्लॅटवर येऊन थांबते. किती चौरस फुटांचा, किती लाखांचा, कर्ज कोणती बँक देणार! परंतु ज्याच्याकडे पहिला हप्ता भरायलाही पैसे नाहीत, त्या सफाई कामगाराने, नाक्यावरच्या मजुराने, धुणीभांडी करणाऱ्या बाईने राहायचे कुठे? त्यांना परवडेल असे भाड्याचे घर कोण बांधणार आणि बांधलेले कोण टिकवणार? हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील ग्लासगो महापालिकेत एका खाण कामगाराने लावून धरला होता. त्यांचे नाव जॉन व्हीटली. त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी करून घेतलीच पाहिजे.

व्हीटली यांचा जन्म १८६९ साली आयर्लंडमधील वॉटरफर्ड परगण्यात झाला. पोटासाठी हे कुटुंब स्कॉटलंडमधील लॅनार्कशायरच्या कोळसा पट्ट्यात आले. मोठे कुटुंब आणि राहायला एकच खोली. पाणी लांबून आणायचे, संडास शेजाऱ्यांसोबत सामाईक. जॉन लहान वयातच खाणीत उतरले. त्यात ते आयरिश आणि कॅथलिक. प्रॉटेस्टंट बहुसंख्याकांच्या त्या देशात या दोन्ही गोष्टी हिणवण्यासाठी पुरेशा होत्या. वीस-बावीस वर्षांचे होईपर्यंत त्यांनी खाणीत घाम गाळला, रात्रीच्या वर्गांत शिक्षण घेतले. पुढे किराणा दुकान, वृत्तपत्रातील नोकरी आणि शेवटी स्वतःचा छापखाना असा त्यांचा प्रवास झाला.

१९०६ मध्ये त्यांनी कॅथलिक कामगारांची समाजवादी संघटना काढली. त्यामुळे धर्मगुरू खवळले. १९१२ मध्ये जमावाने त्यांच्या घरासमोर त्यांचा पुतळा जाळला. व्हीटली यांनी ना धर्म सोडला, ना विचार सोडला. त्याच वर्षी ते ग्लासगो महापालिकेत नगरसेवक म्हणून बसू लागले.

त्या काळी ग्लासगोची ट्राम महापालिकेच्या मालकीची होती आणि ती नफ्यात चालत होती. व्हीटली यांनी १९१३ मध्ये पुस्तिका काढून साधा हिशेब मांडला. घरबांधणीसाठी सावकाराकडून पैसा घेतला की त्याचे व्याज भाडेकरूच्या भाड्यातून वसूल होते. मग ट्रामचा नफाच बिनव्याजी वापरला तर? तर कामगाराला वर्षाला आठ पौंड भाड्यात छोटेसे स्वतंत्र घर देता येईल. म्हणजे कामगाराच्या तिकिटाचा पैसा कामगाराच्याच डोक्यावर छप्पर घालणार होता. परंतु सभागृहात बहुमत कोणाचे होते? मालमत्ताधारकांच्या बाजूचे! योजना मान्य झाली नाही. पण महापालिकेचा नफा कोणासाठी, हा प्रश्न मात्र कायमचा चव्हाट्यावर आला.

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. दारूगोळा आणि जहाजांच्या कारखान्यांसाठी ग्लासगोत कामगारांचे लोंढे आले आणि घरमालकांनी भाडी वाढवली. १९१५ मध्ये शेटलस्टन भागात एका सैनिकाच्या कुटुंबाला थकलेल्या भाड्यापायी घराबाहेर काढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा वस्ती उभी राहिली आणि व्हीटली वस्तीसोबत राहिले. गोवन भागात मेरी बार्बर यांनी महिलांना संघटित केले. वाढीव भाडे द्यायचे नाही, असे सुमारे २० हजार कुटुंबांनी ठरवले. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी भाडेकरूंना न्यायालयात खेचले गेले, तेव्हा हजारो कामगार आणि महिला न्यायालयावर चालून गेल्या. खटले मागे पडले. डिसेंबरमध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून छोट्या घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली.

एक वकील म्हणून येथे मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला घरात टिकवतो. पण तो नवी वीट रचत नाही. भाडे गोठले की खासगी मालक नवे घर बांधत नाही आणि जुन्याची दुरुस्तीही करत नाही. व्हीटली यांनी हे ओळखले होते. १९२२ मध्ये ते खासदार झाले आणि १९२४ मध्ये पहिल्या मजूर सरकारात आरोग्यमंत्री झाले. गृहबांधणी त्याच खात्याकडे होती. १९२३ च्या कायद्याचा कल खासगी बांधकामाकडे होता. घरामागे वर्षाला सहा पौंड, तेही २० वर्षे. व्हीटली यांनी ते अनुदान नऊ पौंड केले आणि मुदत ४० वर्षांवर नेली. अट एकच : घर भाड्याने देण्यासाठी हवे. बांधणारे हात कमी पडू नयेत म्हणून त्यांनी कामगार संघटना आणि बांधकाम व्यावसायिक यांच्याशी १५ वर्षांच्या कार्यक्रमाचा समझोता केला.

हे सरकार वर्षभरही टिकले नाही, कायदा मात्र टिकला. १९३३ मध्ये नव्या बांधकामाचे अनुदान थांबेपर्यंत त्याखाली पाच लाखांहून अधिक घरे उभी राहिली. उणीव होती ती ही, की अगदी तळाच्या माणसाला ते भाडेही जड जात होते. व्हीटली १९३० मध्ये वारले. पुढे १९८० मध्ये सरकारने भाडेकरूंना महापालिकेची घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. ज्याने घेतले त्याचे भले झाले. पण पुढच्या गरिबासाठी भाड्याचे घर उरले नाही. अखेर स्कॉटलंडने २०१६ मध्ये हा हक्कच रद्द केला.

आपल्याकडेही हीच दोन पावले पडली होती. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने भाड्याच्या चाळी बांधल्या. महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईतही भाडे नियंत्रणाचा कायदा आला. परळच्या अशाच चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेब सुमारे दोन दशके राहिले. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा संसार त्याच भाड्याच्या खोल्यांत होता. ती चाळ सार्वजनिक पैशातून उभी राहिली होती, हे आपण विसरतो!

पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला मालकीचे घर मिळाले, याचा आनंद आहेच. परंतु उद्या खेड्यातून येणाऱ्या आपल्या मुलाला भाड्याची खोली कुठे मिळणार? म्हणून आपल्या वॉर्डातील नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. महापालिकेच्या मालकीची भाड्याची घरे किती उरली? अर्थसंकल्पात नव्या भाड्याच्या घरांसाठी किती रक्कम ठेवली? आणि आहेत ती विकायची नाहीत, असा ठराव सभागृहात कधी मांडणार? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या हातात आहेच.