रक्ताचे नाते आणि जोतीरावांचे घर

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानले. म्हणून २८ नोव्हेंबरला आपण महात्मा जोतीराव फुले यांना अभिवादन करतो. त्या दिवशी आपण शाळांविषयी बोलतो, सत्यशोधक समाजाविषयी बोलतो. त्यांच्या घराविषयी मात्र फारसे बोलत नाही. पोरके मूल नातेवाइकांनी सांभाळावे की परक्यांनी, हा प्रश्न त्या घराने दोन्ही बाजूंनी अनुभवला.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. ते साधारण वर्षाचे असताना आई चिमणाबाई गेल्या. वडील गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. लेकराला वाढवले ते मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या बालविधवा होत्या. एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळताना त्यांना शिक्षणाची किंमत कळली होती. जोतीरावांना त्यांनी माया दिली आणि शिकण्याची ओढही लावली.

पण नात्यातले सगळेच असे निघाले नाहीत. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी जोतीरावांची शाळा बंद केली. तेव्हा गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन परक्या माणसांनी वडिलांची समजूत काढली आणि १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. पुढे १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. समाजाच्या दबावाखाली याच वडिलांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. सगुणाबाई मात्र शाळेच्या कामात दोघांसोबत राहिल्या.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे निर्धास्तपणे बाळंत व्हावे, बाळ जगावे, हा हेतू होता. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत. ना रक्ताचा, ना जातीचा. त्याला शिकवून त्यांनी डॉक्टर केले. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच वारस ठरवले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंद अडून बसले. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. त्या काळी स्त्रीने असे करणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

यशवंतने पुढल्याच वर्षी वडिलांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध केले. १८९७ च्या प्लेगमध्ये आईच्या हाकेला ओ देऊन त्याने पुण्याजवळ रुग्णांवर उपचार केले. त्याच साथीत, १० मार्चला, सावित्रीमाई गेल्या.

आजही आईबाप गेले की मूल आधी आजी, मावशी, काकांकडे जाते. ते योग्यच आहे. ओळखीचे घर, ओळखीची माणसे, यांचा मुलाला मोठा आधार असतो. सगुणाबाई हे त्याचे उत्तम उदाहरण. पण नाते आहे म्हणून मुलाचे शिक्षण होतेच असे नाही. कधी त्याला घरकामाला जुंपले जाते, कधी त्याच्या वाट्याच्या जमिनीवरच डोळा असतो. आणि नातेवाईक नसतील तिथे परके घर कमी प्रतीचे ठरत नाही, हे यशवंतच्या आयुष्याने दाखवले.

आपल्या वस्तीत असे मूल असेल तर ते कोणाकडे आहे एवढेच विचारून थांबू नये. ते शाळेत जाते का, पोटभर जेवते का, हेही आपण पाहिले पाहिजे. सांभाळणारी आजी गरीब असेल तर तिला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा. जोतीरावांना खरे अभिवादन तेच ठरेल.