पावलोव्ह, त्यांचे कुत्रे आणि आत्याची पुरणपोळी

गेल्या वर्षी आत्याची केमो सुरू झाली. पहिल्या दिवशी निघण्याआधी मी मुद्दाम तिची आवडती पुरणपोळी आणली. रात्रभर तिला उलट्या झाल्या. त्या औषधामुळे झाल्या हे तिला पक्कं माहीत आहे, तरी आज पुरणाच्या नुसत्या वासानेही तिला मळमळतं. असं का होतं, हे शोधताना मी इव्हान पावलोव्ह यांच्यापर्यंत पोहोचलो.

पावलोव्ह यांचा जन्म १८४९ चा, रशियातल्या रियाझानचा. वडील धर्मगुरू होते आणि मुलगाही त्याच शिक्षणाला लागला होता. पण विज्ञानाची ओढ लागली आणि १८७० मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठ गाठलं. पचनक्रियेवरच्या कामासाठी १९०४ चं नोबेल मिळालं.

त्यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग तुम्ही ऐकले असतील. मेट्रोनोमची टिकटिक आणि लगेच खाणं, असं पुन्हा पुन्हा केलं की नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटायची. फोन वाजला की आपला हात खिशात जातो ना, तसंच!

याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं की कुत्र्यांना मळमळून उलटी व्हायची. काही दिवस रोज दिल्यावर इंजेक्शनची तयारी बघूनच उलटी सुरू झाली. म्हणजे शरीर आजारपणाचाही इशारा शिकतं.

१९३६ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी पावलोव्ह गेले. पण इशारा आणि परिणाम लागोपाठ हवेत, तेही अनेकदा, ही समज मागे राहिली. तिला धक्का दिला अमेरिकेच्या जॉन गार्सिया यांनी. १९५५ मध्ये त्यांनी दाखवलं, की गोड पाणी पिताना रेडिएशन दिलेले उंदीर नंतर ते पाणी टाळतात. पुढच्या प्रयोगांत कळलं, की चव आणि आजारपण यांत तासाभराचं अंतर असलं तरी उंदीर ते जोडतात, आणि त्यासाठी एकच अनुभवही पुरतो. आम्ही कोडिंगवाले मॉडेलला हजारो उदाहरणं देतो; पोटाला एक बास! विषारी अन्न पुन्हा चाखून बघणारा प्राणी जगणार कसा?

म्हणून केमोच्या आधी आवडीचा पदार्थ देऊ नये. घरात कुणाची केमो असेल तर त्या दिवशी काय खायला द्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारा. मी विचारलं असतं, तर आत्याची पुरणपोळी वाचली असती.