एकट्याने निघालेला सायकलस्वार : फ्रामरोज दावर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा मित्रांनी वरणगावहून अजिंठ्याला सायकलने जाण्याचा बेत आखला होता. भुसावळ, जळगाव करीत शंभरेक किलोमीटरचा रस्ता. महिनाभर चर्चा झाली, कोणी काय आणायचे याची यादी झाली. निघण्याच्या पहाटे मात्र ठरलेल्या ठिकाणी मी एकटाच उभा होतो. कोणाच्या घरी पाहुणे आले होते, कोणाला ताप होता, तर कोणी झोपेतून उठलेच नव्हते. मी भुसावळपर्यंत गेलो, एक चहा घेतला आणि मुकाट्याने परत आलो. घरी मात्र सायकल बिघडल्याचे खोटेच सांगितले.

या फजितीनंतर मला फ्रामरोज दावर भेटले, अर्थात वाचनातून. त्यांची हकीकत आपल्या वाचकांना सांगावी असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

दावर हे मुंबईचे पारशी गृहस्थ. खेळांविषयी लिहिणारे पत्रकार. त्या काळी मुंबईच्या पारशी तरुणांत व्यायामाची आणि साहसाची मोठी हौस होती. 15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा सुमारे 71,000 किलोमीटरचा प्रवास करून मार्च 1928 मध्ये ते मुंबईस परतले. पण निघाले होते सहा आणि प्रदक्षिणा पुरी केली तिघांनी : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. या तिघांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनाला पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. सहांतले तिघे गळाले हे वाचून, खरे सांगतो, मला थोडा धीर आला!

दावर निघाले ते या सहा जणांनंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी 1924 मध्ये. त्यांच्याबरोबर कोणीही नव्हते. जोडीदार मिळेपर्यंत थांबू, असा विचार त्यांनी केला नाही. अकरा महिने ते एकटेच चालवत राहिले आणि सुमारे 5,000 किलोमीटर अंतर कापून व्हिएन्नाला पोहोचले. मी सहज हिशेब मांडून पाहिला. दिवसाला सरासरी पंधरा किलोमीटर पडतात. म्हणजे वरणगावहून भुसावळला जाण्याइतकेच अंतर! ज्या अंतरावरून मी मान खाली घालून परतलो, तेवढेच अंतर हा माणूस सरासरीने रोज तोडत होता. मोठ्या पराक्रमाचे रोजचे माप इतके लहान असू शकते हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

व्हिएन्नात त्यांना गुस्ताव स्ताव्यानिक नावाचा सायकलस्वार भेटला. दोघांचा देश निराळा, धर्म निराळा. तरी तो दावर यांच्याबरोबर निघाला आणि प्रवासाच्या अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. दोघांनी मिळून आल्प्स ओलांडला, आफ्रिकेत सहारा पार केला, दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनचे अरण्य आणि अँडीज पर्वत पालथे घातले. 1931 मध्ये प्रवास संपला तेव्हा 52 देश आणि सुमारे 1,10,000 किलोमीटर त्यांच्या नावावर जमा झाले होते. पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटर धरला तर हे अंतर अडीच प्रदक्षिणांहून अधिक भरते. जोडीदार भेटल्यानंतरचा रोजचा हिशेब चाळीस किलोमीटरच्या पुढे जातो. सोबतीने माणसाचे बळ वाढते, पण ही सोबत त्यांना घराच्या ओट्यावर मिळाली नाही, रस्त्यावर मिळाली.

सहारा म्हणजे काय, याची कल्पना नकाशावरून येत नाही. भारताच्या अडीचपटीहून मोठे असे ते वाळवंट. दिवसा भाजणारे ऊन, रात्री बोचरी थंडी. एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंतचे अंतर हाच तेथील खरा मैलाचा दगड. आम्ही खानदेशातले लोक मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन सोसतो, पण हाकेच्या अंतरावर केळीची बाग आणि पाण्याचा पाट असतो. तापीच्या पात्रातील वाळूतून मी एकदा सायकल ढकलत नेली आहे. चाक रुतते, साखळीत वाळू करकरते. अशा जागी सायकल माणसाला नेत नाही, माणसालाच सायकल न्यावी लागते. शंभर पावलांत मला घाम फुटला होता. तेथे तर त्या दोघांपुढे वाळवंटाचा अख्खा पट्टा होता.

तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. आपला देश पारतंत्र्यात होता, आणि सहाराचा मोठा भाग फ्रेंचांच्या अंमलाखाली होता. गुलाम देशातला एक माणूस दुसऱ्या गुलाम मुलखातून स्वतःच्या पायांच्या बळावर जात होता. त्याच्याजवळ ना फौज होती, ना व्यापार. मोटारीतला साहेब धूळ उडवून निघून जातो. सायकलवाल्याला मात्र पाण्यासाठी, वाटेसाठी, रात्रीच्या निवाऱ्यासाठी माणसांपुढेच उभे राहावे लागते. मला वाटते, सायकलच्या प्रवासाचे खरे मोल या परावलंबनात आहे. परतल्यावर दावर यांनी सहारा आणि ॲमेझॉनच्या प्रवासावर पुस्तके लिहिली. आज मात्र आपल्यापैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

या जानेवारीत मी पुन्हा निघालो. या वेळी कोणालाच विचारले नाही. वडिलांनी तीच जुनी सायकल तेलपाणी करून दिली. मग मीही दिवाळीतले खोटे कबूल केले. ते नुसते हसले. नशिराबादच्या अलीकडे बाभळीच्या काट्याने चाक बसले. रस्त्याने जाणारा एक दूधवाला आपणहून थांबला, पंक्चर काढायला मदत केली आणि गप्पा मारीत जळगावपर्यंत सोबत आला. तेथे तो आपल्या वाटेने गेला. ऊन चढले होते, पायांत गोळे आले होते, म्हणून मी जळगावहूनच माघारी वळलो. संध्याकाळी वरणगावी पोहोचलो तेव्हा ऐंशी किलोमीटर झाले होते.

अजिंठा अजून राहिला आहे. पुढच्या खेपेस कोणी बरोबर आले तर आनंदच आहे. पण पहाटे ठरल्या वेळी कोणी दिसले नाही, तर मी थांबणार नाही.